सहा बोटांचे पाऊल

सहामाही परीक्षेची निकालपत्रके वाटली त्या दिवशी एक सद्गृहस्थ आम्हांस भेटावयास शिक्षकांच्या खोलीत आले. त्यांची कन्या दहावीत आहे. गुणांविषयी काही तक्रार असेल अशी आमची समजूत झाली. परंतु निकालपत्रक त्यांनी पिशवीतच राहू दिले आणि पाठीला चिकटपट्टी लावलेले एक जुने पुस्तक मेजावर ठेवून विचारले, "सर, हे आपल्या शाळेच्या वाचनालयातले ना?" आम्ही होय म्हटले. "मग एवढे सांगा, जग जळून गेल्यानंतरच्या या गोष्टी वाचून परीक्षेच्या वर्षात मुलीला काय मिळायचे? शिवाय यात तर प्रार्थना करणारा बापच क्रूर दाखवला आहे. मिशनच्या शाळेत असले पुस्तक ठेवता तरी कसे?"

प्रश्न सरळ होता व विचारण्याची रीतही सभ्य होती. इतक्यात तासाची घंटा झाली आणि आमचे उत्तर अर्धेच राहिले. ते पुरे करावे, आणि अशीच शंका ज्या अन्य पालकांच्या मनात आली असेल त्यांच्याही कानी घालावे, एवढ्याचसाठी वार्षिकाची ही चार पाने आम्ही मागून घेतली आहेत.

पुस्तक होते जॉन विंडहॅम या इंग्रज कादंबरीकाराचे ‘द क्रिसॅलिड्स’. फुलपाखरू होण्यापूर्वी सुरवंट ज्या कोशात निजून राहतो, त्या कोशावरून हे नाव घेतले आहे. १९५५ साली ते प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी चारच वर्षे, १९५१ मध्ये, चालत्या विषारी वनस्पतींच्या कादंबरीने विंडहॅम यांचे नाव सर्वतोमुखी झाले होते. परंतु आमच्या मते हे दुसरे पुस्तक त्याहून पुष्कळ सरस आहे.

प्रलयाच्या कथा मनुष्यजातीस नवीन नाहीत. नोहाचे तारू आमच्या उपासनेच्या वर्गातील लहान मुलांनाही ठाऊक असते; मनूची नौका ओढून नेणारा मासा शतपथ ब्राह्मणात आहे. फरक इतकाच, की जुना प्रलय आकाशातून येई. १८२६ साली मेरी शेली हिने पृथ्वीवरील शेवटच्या मनुष्याची कादंबरी लिहिली, तीत महामारीने जग ओस पडते. १८९८ साली एच. जी. वेल्स यांनी मंगळावरून शत्रू आणला. परंतु ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बॉम्ब पडला आणि प्रलय घडवून आणण्याची शक्ती माणसाच्याच हाती आली, हे शाळकरी पोरासही कळून चुकले. तेव्हापासून तरुण वाचकांसाठी लिहिलेल्या प्रलयकथांचा पूर आला आहे. जॉन ख्रिस्तोफर यांच्या ट्रायपॉडांच्या तीन कादंबऱ्या १९६७ व १९६८ साली आल्या. सुझान कॉलिन्स यांची ‘हंगर गेम्स’ ही मालिका २००८ साली सुरू झाली आणि चित्रपटांमुळे ती आमच्या विद्यार्थ्यांसही परिचित आहे. मराठीत कै. जयंत नारळीकर यांची ‘धूमकेतू’ ही कथा अनेकांनी वाचली असेल. यांतील सर्वच माल उत्तम आहे असे आम्ही म्हणणार नाही. पुष्कळ पुस्तकांत धूर आणि धावपळ यांपलीकडे काही नसते. ती न वाचल्याने कोणाचे काही अडणार नाही.

तरीही पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांस या कथांचे वेड का लागते, हा प्रश्न उरतोच. आमचे उत्तर असे, की त्या वयात त्यांचे स्वतःचे एक जग खरोखरीच बुडत असते. आवाज फुटतो, उंची वाढते, आरशातील चेहरा परका वाटू लागतो. कालपर्यंत ज्या आईच्या पदरामागे लपावे तिच्यापासून आज काहीतरी लपवावेसे वाटते. जुने घर पडले आहे आणि नवे उभे राहिलेले नाही, अशा अवस्थेतील माणसास पडलेल्या शहरांच्या गोष्टी जवळच्या वाटल्या तर त्यात नवल कसले? येथे एक शब्द लक्षात आणून द्यावासा वाटतो. पवित्र शास्त्रातील शेवटच्या पुस्तकाचे मूळ ग्रीक नावच इंग्रजीत जगाच्या अंतासाठी रूढ झाले आहे. पण त्या नावाचा खरा अर्थ आच्छादन दूर करणे असा आहे. मराठी भाषांतरकारांनी ‘प्रकटीकरण’ हा शब्द योजिला, तो किती अचूक आहे! चांगली प्रलयकथा हेच करते. ती माणसाचे घर, गाव, आडनाव, गुणपत्रिका, दाखले सारे काढून घेते आणि मग त्यास विचारते, आता सांग, तू कोण?

आता कथेकडे वळू. काळ आपल्यानंतर शेकडो वर्षांचा. स्थळ कॅनडाच्या ईशान्येचे लॅब्राडॉर. मागे केव्हातरी एक महासंकट कोसळले. त्यास लोक ईश्वरी शिक्षा समजतात, परंतु वाचकास ते अणुयुद्ध होते हे उमगत जाते. दक्षिणेकडे जळून काळी ठिक्कर पडलेली भूमी आहे, आणि तिच्या कडेने अशा मुलखाचा पट्टा आहे की जेथे झाडे, जनावरे व माणसे नाना विकृत रूपांनी जन्मतात. अलीकडे, वॅक्नक नावाच्या वस्तीत, कष्टाळू शेतकरी राहतात. त्यांच्याजवळ पवित्र शास्त्र आहे, आणि त्याच्या जोडीला निकोल्सन नामक कोणा गृहस्थाने नंतर लिहिलेला एक ग्रंथ आहे. ‘मनुष्य’ कोणास म्हणावे याची व्याख्या त्या दुसऱ्या ग्रंथात आहे. हात किती, बोटे किती, नखे कशी, इतक्या बारकाईने. व्याख्येत न बसणारे पीक शेतातच जाळले जाते, वासरू जन्मले तर कापले जाते, आणि मूल जन्मले तर ते मनुष्य नव्हेच असे ठरते. सरकारी निरीक्षकाने दाखला दिल्यावाचून नवजात बाळाचा जन्म झाला असे कोणी तोंडाने म्हणतसुद्धा नाही.

या वस्तीतील सर्वांत कडवा धर्मनिष्ठ म्हणजे जोसेफ स्ट्रॉर्म, आणि त्याचा मुलगा डेव्हिड हा कथेचा नायक. लहानगा डेव्हिड एके दिवशी वाळूच्या उतारावर सोफी नावाच्या मुलीबरोबर खेळत असतो. तिचा पाय दगडांच्या फटीत अडकतो. बूट काढल्याखेरीज तो सुटणार नाही. आणि बूट काढावयास ती काही केल्या तयार होत नाही. अखेर वेदना असह्य होऊन ती कबूल होते. पायाला बोटे सहा असतात.

आम्हांस या प्रसंगाचे कौतुक अशासाठी वाटते, की डेव्हिडला त्या क्षणी काहीच भयंकर दिसत नाही. घरच्या भिंतींवर टांगलेली वचने त्याने जन्मापासून वाचलेली आहेत, ती त्यास पाठ आहेत. परंतु त्या वचनांतील राक्षसाचा आणि समोर रडणाऱ्या या मुलीच्या छोट्याशा पावलाचा काही संबंध असेल हे त्याच्या ध्यानातच येत नाही. तो तिला घरी पोहोचवितो. तिची आई त्याच्याकडून वचन घेते, की हे कोणासही सांगावयाचे नाही. त्या माउलीच्या चेहऱ्यावरील भीती पाहून मग त्यास प्रथम कळते की आपण काही मोठे ओझे उचलले आहे.

सहावे बोट ही वस्तुतः फारशी दुर्मीळ गोष्ट नव्हे. वैद्यकशास्त्रास ती चांगली परिचित आहे, पुष्कळदा ती कुळात वंशपरंपरेने चालते, आणि बहुतेक वेळा तीपासून काहीही अपाय होत नाही. आपल्याकडे तर ते शुभलक्षण मानणारी माणसेही आढळतात. लेखकाने मुद्दाम इतके निरुपद्रवी चिन्ह निवडले आहे. तथापि त्याच्या कथेमागील शास्त्र पोकळ नव्हे. क्ष-किरणांच्या योगाने फळमाशीच्या वंशात कायमचे बदल होतात हे हर्मन मुलर यांनी १९२७ साली दाखविले होते व त्याबद्दल १९४६ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले होते. पुढे १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली, तेव्हा त्याची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडून तिच्यावरील तेवीस जण आजारी पडले आणि त्यांतील एक त्याच वर्षी मृत्यू पावला. कादंबरी त्यानंतरच्या वर्षीची आहे. म्हणजे ज्या वाचकांनी ती प्रथम हाती घेतली त्यांना अंगावर पडणारी राख ही कल्पना वाटण्याचे कारण नव्हते.

आता त्या सद्गृहस्थांच्या मुख्य आक्षेपाकडे येतो. धर्मशील बाप यात क्रूर दाखविला आहे, ही गोष्ट खरी. जोसेफ स्ट्रॉर्म पहाटे घरच्या मंडळींस गोळा करून, स्तोत्र म्हणून, सदोष वासराचा वध करतो. मुलाच्या तोंडून, आणखी एक हात असता तर मला हे काम जमले असते, असे सहज निघून जाते, तर तेवढ्यावर तो घरात वादळ उठवितो. बिनशेपटीच्या मांजराचा तर एक प्रसंगच आहे. शेजाऱ्याचे असे एक मांजर तो पापाचे चिन्ह म्हणून नाहीसे करतो, आणि मागाहून सरकारी निवाडा येतो की बिनशेपटीची मांजरे ही एक जुनी, मान्य जात आहे! चारचौघांत क्षमा मागावी लागली तरी त्याच्या खात्रीत काडीचाही फरक पडत नाही. हे वाचून आम्हांस हसू आले, आणि पाठोपाठ भय वाटले. कारण हाच मनुष्य पुढे स्वतःच्या पोटच्या पोरांच्या मागे शस्त्रे घेऊन निघतो.

पण यात धर्माची निंदा आहे काय? आम्ही ख्रिस्ती आहो आणि ख्रिस्ती शाळेत शिकवितो. हे पुस्तक आमच्या श्रद्धेस बोचले असते तर तसे सांगावयास आम्हांस संकोच वाटला नसता. योहानाच्या शुभवर्तमानात एका जन्मांध मनुष्याची कथा आहे. शिष्य विचारतात, हा असा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, याच्या की याच्या आईबापांच्या? प्रभूचे उत्तर असे की कोणाच्याच नव्हे. वॅक्नकच्या लोकांजवळ हे शुभवर्तमान होते, कारण शास्त्र त्यांच्या घरोघर होते. ते त्यांनी वाचले नसेल असेही नाही. त्यांनी वर एक व्याख्या बसविली आणि तिच्या चष्म्यातून खालचे वाचू लागले. असा चष्मा कोणा एका धर्माच्या लोकांपाशीच असतो असे समजण्याचे कारण नाही. आपल्या देशात माणसाची जात विचारून पाण्याचे भांडे वेगळे ठेवणाऱ्यांनी निकोल्सनचे नावही ऐकले नव्हते. आणि तशी वेगळी बाके आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांतही एके काळी काही ठिकाणी होती, हे आम्ही नाकारू शकत नाही.

दुसरा आक्षेप त्या गृहस्थांनी बोलून दाखविला नाही, परंतु तो त्यांच्या मनात असावा. डेव्हिड आपल्या बापापासून गुपित राखतो. मुलांनी आईबापांस सर्व काही सांगावे असे आम्ही प्रत्येक पालकसभेत सांगत असतो, मग हे कसे? येथे आम्हांस आमची स्वतःची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

आम्ही वसतिगृहात राहून शिकलो. आठवीत असता आमच्या शेजारच्या खाटेवर निजणारा एक मुलगा आमचा जिवलग मित्र होता. तो सदैव लांब बाह्यांचा सदरा घाली व आंघोळीस सर्वांच्या आधी, अंधारात जाई. एकदा तापात त्यास ओल्या फडक्याने पुसताना आम्ही त्याच्या पाठीवरचा कोडाचा पांढरा डाग पाहिला. "कुणाला सांगू नकोस रे," एवढेच तो म्हणाला. कोड हा स्पर्शाने पसरणारा रोग नव्हे, हे त्या वेळी आम्हांस ठाऊक नव्हते. पण आम्ही भ्यालोही नव्हतो. आम्ही ते सांगितले ते भीतीने नव्हे. आपणांस काहीतरी ठाऊक आहे हे दाखविण्याच्या हौसेने, एका खेळाच्या तासाला, एकाच मुलास सांगितले. आठवडाभरात पंगतीत त्याच्या दोहो बाजूंची जागा रिकामी राहू लागली. तो आम्हांस काही बोलला नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेला तो परत आलाच नाही. त्याची पेटी न्यावयास त्याचा थोरला भाऊ आला होता, आणि ती उचलू लागण्यास आम्ही पुढे झालो तेव्हा त्याने आमचे आभार मानले.

कादंबरीत सोफीचे गुपित डेव्हिडच्या तोंडून फुटत नाही. ओढ्यात खेळताना दगडावर तिच्या ओल्या पावलाचा ठसा उमटतो आणि लोहाराच्या मुलास तो दिसतो, म्हणून फुटते. सोफीचे आईबाप रातोरात घर सोडतात. डेव्हिड मार खातो, अखेर त्याच्याकडून ते वदवून घेतले जाते, आणि आपण मित्रद्रोह केला या जाणिवेने तो लहान मुलगा आतून मोडून जातो. महाविद्यालयात असता ते प्रकरण आम्ही प्रथम वाचले आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. त्यास चाबकाखाली बोलावे लागले होते. आम्हांस कोणी बोटही लावले नव्हते.

म्हणून पालकांस आमचे सांगणे असे, की मुलाने आपणांपासून काही लपविले तर प्रथम, ते काय आहे, एवढेच विचारू नये. ते आपणांस सांगण्याचे भय त्यास का वाटले हेही पाहावे. डेव्हिडचा एक काका आहे, ॲक्सेल नावाचा, पूर्वीचा दर्यावर्दी. डेव्हिड आणि इतर काही मुले शब्दावाचून, केवळ मनाने, दुरून एकमेकांशी बोलू शकतात हे त्यास अकस्मात कळते. हा दोष बाहेरून दिसत नाही, म्हणून तो अधिकच भयंकर मानला जाणार. काका त्यास धाक घालीत नाही, कोणाजवळ बोलत नाही. केवळ सावध करतो, आणि समुद्रापार पाहिलेल्या मुलखांच्या हकीकती सांगतो. तेथेही लोक आहेत, तेही वेगळ्या घडणीचे आहेत, आणि आपणच ईश्वराच्या खऱ्या प्रतिरूपाचे असे तेही मानतात. असा एखादा काका प्रत्येक मुलास मिळावा. बापाने स्वतःच तो व्हावयास हरकत नाही.

मनाने बोलण्याच्या या शक्तीविषयी जाता जाता एक. आमचे विद्यार्थी म्हणतील, आमच्या मोबाइलवरील गट म्हणजे हेच ना! नव्हे. त्या मुलांना एकमेकांपासून मनातले लपविता येत नाही. एकास इजा झाली तर सर्वांस कळ येते. मोबाइलवरील गटात चाळीस मुले असतात, आणि त्यांतील एक रडत आहे हे एकोणचाळीस जणांस ठाऊक नसते.

शेवटाविषयी मात्र आमचा लेखकाशी स्पष्ट मतभेद आहे, आणि तो सांगितला नाही तर ही शिफारस अप्रामाणिक ठरेल. मोठी झालेली ही मुले पळून जातात. जंगली मुलखात सोफी डेव्हिडला पुन्हा भेटते, त्यांना आपल्या गुहेत आसरा देते आणि अखेर त्याच लढाईत बाणांनी मारली जाते. तेवढ्यात दूरच्या प्रगत बेटावरून, जे न्यूझीलंड असावे, एक स्त्री विमानातून त्यांच्या सुटकेस येते. त्या यंत्रातून चिकट धाग्यांचा वर्षाव होतो आणि खाली असलेले शत्रू, निराश्रित, सारे त्यात गुदमरून मरतात. मग ती स्त्री शांतपणे समजावते, की वरचढ जातीने खालच्या जातीची जागा घ्यावी हा सृष्टीचा नियम आहे. वर्गात या भागाची चर्चा चालली असता मागच्या बाकावरील एक मुलगा म्हणाला, "सर, ही तर निकोल्सनच आहे, फक्त विमानात बसलेली." आम्ही त्यास पूर्ण गुण दिले असते, दुर्दैवाने अशा उत्तरास आमच्या परीक्षेत प्रश्न नसतो. सोफीच्या सहा बोटांसाठी ज्याने आपणांस रडविले त्या लेखकाने तिच्या लोकांना असे धाग्यांत गुंडाळून टाकावे, हे आम्हांस पटत नाही. काही टीकाकार म्हणतात की वाचकास अस्वस्थ करावे हाच त्याचा हेतू होता. असेलही, पण डेव्हिड स्वतः फारसा अस्वस्थ झालेला दिसत नाही, हे खटकते.

त्या शेवटात आम्हांस प्रिय आहे तो एक निराळाच मुलगा, मायकेल. रेचेल नावाची त्यांच्यातील एक मुलगी मागे वॅक्नकमध्ये एकटी राहिली आहे. तिला आणावयास जाण्याइतके इंधन विमानात नाही. मायकेलला चढण्यास जागा आहे, समोर सुरक्षित नगर आहे. तो चढत नाही. रेचेलसाठी मागे राहतो आणि दोघे मिळून दुसरी वाट शोधू म्हणतो. पुढे त्यांचे काय झाले हे लेखक सांगत नाही. विमान गेल्यावर तो कोणत्या दिशेने चालू लागला असेल, याचा विचार आमच्या मनात अद्याप येतो.

पुस्तक आठवीच्या खालच्या मुलांस देऊ नये, असे आमचे मत आहे. डेव्हिडची मावशी हॅरिएट हिच्या बाळावर किंचित खूण असते, आणि सख्ख्या बहिणीने मदत नाकारल्यावर तिचा जो अंत होतो तो लहान मुलांनी वाचण्याजोगा नाही. नववी-दहावीतील मुलांनी ते अवश्य वाचावे, आणि घरातील मोठ्या माणसांनी त्यांच्या पाठोपाठ. इंग्रजी अवघड नाही. परीक्षेच्या वर्षात वेळ नसतो ही अडचण खरी. परंतु पुस्तक दोनशे पानांच्या आसपासचे आहे, आणि दहावीच्या वर्षातही रविवार येतातच.

ते सद्गृहस्थ त्या दिवशी पुस्तक मेजावर ठेवून निघाले होते. दारापर्यंत जाऊन परतले, आणि "मीच एकदा बघतो," असे म्हणून ते पुन्हा पिशवीत घालून घेऊन गेले. पंधरा दिवसांची मुदत टळली तेव्हा त्यांच्या कन्येने वाचनालयात उशिराचा दंड भरला आणि बाबांनी आणखी आठवडाभर मागितले आहे असे सांगितले. ते कोठवर आले आहेत, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "मावशी बाळ घेऊन येते ना सर, तिथे थांबलेत. काल रात्री जेवताना काहीच बोलले नाहीत."